खोली, फ्लॅट, गावची जमीन : भांडायच्या आधी कागद बघा

दादर पश्चिमेला आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस आहे आणि मी तिथला कारकून. दावे टाईप करणं, नकला काढणं, सब-रजिस्ट्रारकडे टोकन घेऊन बसणं, तारखेला फाईल घेऊन साहेबांच्या मागे उभं राहणं ही माझी कामं. साहेब कोर्टातून येईपर्यंत बाहेरच्या बाकावरची मंडळी आपला प्रश्न आधी माझ्यावरच घालतात, आणि घराजमिनीचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकदा सविस्तर लिहितोय. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या वकिलाचा, कारण कागद त्यांनी पाहिलेले असतील, मी नाही.

बाकावर बसल्या बसल्या जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, "आमच्या नावावर आहे हो." मी विचारतो, कशावर? लाईट बिलावर, रेशन कार्डावर, भाडेपावतीवर, शेअर सर्टिफिकेटवर, घरपट्टीवर की सातबाऱ्यावर? यातला एकही कागद एकटा मालकी सिद्ध करत नाही. लाईट बिल सांगतं की वीज कोण भरतो. घरपट्टी सांगते की कर कोणाकडून घ्यायचा. मुंबई महापालिकेच्या कायद्यातच कलम १५२-अ आहे की अनधिकृत बांधकामावर कर लावला म्हणून ते अधिकृत ठरत नाही. सातबारा महसूल वसुलीसाठी, आणि नुसत्या महसुली नोंदीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत सांगून झालंय. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा किंवा कोर्टाचा हुकूमनामा यांतून. बाकीचे कागद साक्षीला उभे राहतात, आणि साक्षीदार म्हणून ते कामाचेही असतात, फेकू नका.

दुसरी गोष्ट, जागेचा प्रकार. मुंबईत "आमचं घर" म्हणजे पागडीची (आधी एकरकमी पैसे देऊन, मग थोड्या भाड्याने घेतलेली) खोली असू शकते, सोसायटीतला फ्लॅट असू शकतो, गावठाणातलं किंवा कोळीवाड्यातलं बैठं घर असू शकतं, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतली सदनिका असू शकते. प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि कचेरी वेगळी. पागडीचं भांडण धोबीतलावच्या नाहीतर वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात जातं. सोसायटीने नाव लावलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. फ्लॅटचा खरा मालक कोण, हा प्रश्न दिवाणी न्यायालयात. चुकीच्या दारात वर्षं घालवलेली माणसं मी पुष्कळ पाहतो.

पागडीची खोली

लालबाग, परळ, गिरगाव, दादर. खोली आजोबांनी घेतली, भाडं अजून काही रुपये, आणि पावती आजोबांच्याच नावाने निघते. आजोबांच्या तसबिरीवरचा हार कितीदा बदलला असेल. कोणी गेलं की घरमालकाकडे जाऊन नाव बदलायला कोणालाच वेळ नसतो. मग बिल्डर येतो, नव्या इमारतीत तीनशे चौरस फुटांचा मालकीचा फ्लॅट मिळणार म्हणतात, आणि डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेल्या सगळ्या भावंडांना खोलीची एकदम आठवण येते.

पहिली गोष्ट, पागडीचा भाडेकरू मालक नसतो. पागडी घेणं-देणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने कलम ५६ खाली कायदेशीर केलं, पण त्याने तुम्ही भाडेकरूच राहता. विकताना घरमालकाची संमती लागते आणि तो आपला वाटा घेतो. मुंबईत तो तेहतीस टक्के धरायची चाल आहे. ती चाल आहे, कायद्यात लिहिलेला आकडा नव्हे, त्यामुळे घासाघीस होते.

दुसरी, भाडेकरू गेल्यावर हक्क कोणाचा? इथे फ्लॅटसारखी सरळ वाटणी नाही. कायद्यातली 'भाडेकरू'ची व्याख्या सांगते की राहत्या जागेत, भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसं कोणी नसेल तर वारसांपैकी कोणी, आणि एकमत होत नसेल तर कोर्ट ठरवेल. म्हणून वडिलांनी मृत्युपत्रात "खोली थोरल्याला" लिहिलं तरी ती थोरल्याला गेलीच असं नाही. भाडेकरूपण मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटलंय. सोबत कोण राहत होतं हे मग कागदांवरून ठरतं. त्या वर्षांचं रेशन कार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेचे दाखले, बँक पासबुकावरचा पत्ता, हे सगळं शोधा. इथे ते साक्षीदार कामाला येतात.

तिसरी, आणि हीच सगळ्यात जास्त नडते, कुलूप. सबळ कारणाशिवाय खोली दाव्याच्या आधी सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालकाला खाली करून मागायचं कारण मिळतं. "आम्ही गणपतीला येतो ना" हे कोर्टात वापर म्हणून मोठं धरलं जाईल अशी आशा ठेवू नका. लाईट मीटरवर शून्य युनिटची बिलं लागोपाठ आली की घरमालकाचा वकील तीच पुढे करतो. घरमालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे दुसरं कारण.

आता भाडं. घरमालक भाडं घेत नाही, पावती देत नाही, ही तक्रार रोजची. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो हातात घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत आलेला फॉर्म जपून ठेवा. दरमहा. बँकेतून चेक दिलात तर त्याची झेरॉक्स. थकबाकीसाठी दावा लावायच्या आधी घरमालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबायचं असतं. नोटीस आली आणि तुम्ही त्या मुदतीत भरलंत, किंवा भरायची तयारी पुराव्यानिशी दाखवलीत, तर हवा निघून जाते. नोटीस न घेता पोस्टमनला परत पाठवायची हुशारी कोणी करू नये. पाकीट परत गेलं तरी कोर्ट ती नोटीस पोचली असं धरू शकतं, आणि आत काय लिहिलंय हे तुम्हाला कळतच नाही.

एकदा एक काकू भाडेपावत्यांचं पुडकं घेऊन आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँडने बांधलेलं, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. वरची पावती पाहून त्या म्हणाल्या, "नाव आमच्या सासऱ्यांचंच आहे, म्हणजे काही उपयोग नाही." मी पावत्या उलट्या करत गेलो. मागच्या बाजूला भाडं कोणी दिलं त्याची सही असते. गेल्या पंधरा वर्षांच्या सगळ्या पावत्यांमागे काकूंच्या नवऱ्याची आणि मग काकूंची सही. पुढच्या बाजूला कोपऱ्यात शिक्का : 'विदाऊट प्रेज्युडिस'. म्हणजे घरमालकाने पैसे घेतले पण हक्क मान्य केला नाही, असं त्याचं म्हणणं. तरीही इतकी वर्षं भाडं कोणाकडून घेतलं हे त्या सह्यांनी बोलून दाखवलं. त्या पावत्या झेरॉक्स करून, तारखेने लावून, पाठपोट फाईलला लावल्या. तुमच्याकडे असल्या पावत्या असतील तर लॅमिनेट मात्र करू नका. मूळ कागद तपासायला मागितला की लॅमिनेशन आडवं येतं.

पुनर्विकास सुरू व्हायच्या आधी पावती नावावर करून घ्या, निदान तसा लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून ठेवा. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं, आणि त्या यादीत मेलेल्या माणसाचं नाव गेलं की भावंडांचं भांडण तिथून पेटतं. पर्यायी जागेचा करार नोंदणी केलेलाच घ्या. बिल्डरच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे करार नव्हे.

सोसायटीतला फ्लॅट आणि नॉमिनी

"बाबांनी मला नॉमिनी केलं होतं, मग फ्लॅट माझाच ना?" नाही. हे उत्तर ऐकून माणसं आधी माझ्यावर चिडतात. २०१६ मध्ये इंद्राणी वाही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करायला हवं, पण मालकी कोणाची हा वारसांचा प्रश्न खुलाच राहतो. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, आणि त्याप्रमाणे नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो. वारस ठरेपर्यंत मेन्टेनन्स भरायला, सभेला बसायला कोणीतरी हवा, म्हणून. तसंच 'सहयोगी सदस्य' म्हणून शेअर सर्टिफिकेटवर नाव असणं हीही मालकी नाही. मालकी बघायची तर मूळ करारनामा आणि त्याचं इंडेक्स टू, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडच्या नोंदणीचा गोषवारा.

मग वारस कोण? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना समान वाटा. लग्न झालेली मुलगीही. आणि आई. हे 'आई' प्रकरण नीट ऐका, कारण नव्वद टक्के घरांत ते विसरतात असं मला वाटतं. वडील वारले तेव्हा आजी हयात होती. कोणी तिचा विचार केला नाही, कारण ती कशाला मागतेय. पण घरात आई, दोन भाऊ, एक बहीण असतील तर फ्लॅटचे वाटे पाच, चार नव्हेत. पुढे आजी गेली की तिचा पाचवा हिस्सा तिच्या वारसांना जातो, आणि आजीचे वारस म्हणजे तुमचे काका आणि आत्याही. ज्या काकांनी त्या फ्लॅटचा उंबरा कधी ओलांडला नाही त्यांची सही मग विकताना लागते. आजी हयात असेल, तिला पटत असेल, तर तिचं हक्कसोडपत्र आत्ताच नोंदवून घ्या. पटत नसेल तर तो तिचा हक्क आहे, तिच्यावर जबरदस्ती करू नका, आणि आम्हालाही करायला लावू नका.

हक्कसोडपत्राचं थोडं. ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी केलेलंच लागतं. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन येणारे आठवड्याला भेटतात, आणि त्यांना तो कागद घरी परत न्यावा लागतो. ते एका सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे करायचं असतं. आत्याला आपला वाटा पुतण्याला द्यायचाय आणि पुतण्याचा बाप हयात आहे, पुतण्याचा स्वतःचा हिस्सा नाही, तर ते बक्षीसपत्र होईल. कोणाच्या लाभात सोडताय ते नाव स्पष्ट लिहा. पैसे घेऊन सोडत असाल तर ते लपवू नका, मुद्रांक वेगळा लागतो इतकंच.

आणि बहिणींनो, सही करताना कागद वाचा. सोसायटीला द्यायचं 'ना हरकत पत्र' आणि 'हक्कसोडपत्र' हे दोन वेगळे कागद आहेत. "ताई, नुसती सही कर, बाकी मी बघतो" म्हणणारा भाऊ प्रेमळ असेलही. तरी झेरॉक्स मागा.

मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते आधी बघा; नोंदणी सक्तीची नाही. मुंबईत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, घेण्याची सक्ती वर्षानुवर्षे होती. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ज्या कलम २१३ ने ती होती ते संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकलं. सोसायट्यांच्या कमिट्या अजून जुन्या सवयीने प्रोबेट मागतात, तेव्हा लेखी मागा की कोणत्या नियमाने मागताय.

ज्येष्ठांसाठी एकच सांगतो. मुलाच्या नावे फ्लॅट बक्षीस करणार असाल तर 'तो आमचा सांभाळ करील' ही अट बक्षीसपत्रात लिहूनच घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट तोंडी असली की सिद्ध करता करता जीव जातो.

गावची जमीन

"काकान जमीन परस्पर इकल्यान." हे वाक्य मे महिन्याच्या सुट्टीनंतर, म्हणजे जूनमध्ये, आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येतं. माणूस गावी जातो, बघतो तर काजूच्या बागेला चिरेबंदी गडगा घातलेला.

आधी कागद. सातबारा आणि ८-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा मिळतो, त्यासाठी गावी जावं लागत नाही. तो घरी आणून वाचायचा कसा, तर आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर विकायला सहसा मोकळी. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मग काकांनी ती घेतली होती का हा पहिला प्रश्न. त्यानंतर नावं. नावांशेजारी क्षेत्र वेगवेगळं लिहिलेलं आहे की सगळे एकत्र 'सामाईक' आहेत? जुन्या उताऱ्यात एकाच भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नाही, बाकीच्यांतर्फे त्याचं नाव लागलंय. काकांचं नाव एकटंच दिसतं म्हणून हात टेकलेल्या कितीजणांना हीच तीन अक्षरं दाखवावी लागतात. मग उजवीकडचा 'इतर हक्क' रकाना. पूर्वी बहिणींची नावं तिथे टाकायची पद्धत होती. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूमही तिथेच.

नावांजवळ कंसात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक, म्हणजे नाव चढवल्या-उतरवल्याच्या नोंदीचे. खरी गोष्ट त्यांत असते. प्रत्येक क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल काढा, अगदी जुने असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून. कोणत्या साली, कोणत्या कागदावरून, कोणाचं नाव कमी झालं, ते तिथे दोन-चार ओळीत लिहिलेलं असतं. "बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला" असं लिहिलेलं असेल तर विचारा, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र कुठे आहे?

मुलींच्या हक्काबद्दल इथे दोन गोष्टींची खिचडी होते. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल तर मृत्युपत्र नसताना मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने सहदायाद (मुलासारखीच हिस्सेदार) झाली ती ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. अडसर एक : २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झाली होती" हे भाऊ सांगतात तेव्हा पुराव्याचं ओझं त्यांच्यावर, आणि कोर्ट ते सहजी मानत नाही.

आता काकांनी विकलीच असेल तर? सामाईक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा कोणीही सहहिस्सेदार विकू शकतो. तुमचा हिस्सा तो विकू शकत नाही, त्याने कागदावर सगळी जमीन लिहिली असली तरी. घेणाऱ्याला काकांच्या जागी उभं राहता येतं, वाटप मागता येतं. राहत्या वडिलोपार्जित घराचा हिस्सा परक्याने घेतला तर त्याला तुमच्यासोबत घरात येऊन राहायचा हक्क नाही, आणि वाटपाच्या दाव्यात तो हिस्सा योग्य किमतीला तुम्ही विकत मागू शकता.

वेळ इथे महत्त्वाची. खरेदी झाली की तलाठी, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफार धरतात आणि हितसंबंधितांना नोटीस काढतात. हरकतीला पंधरा दिवस. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप, तुम्ही परळला. त्यामुळे 'आपली चावडी' या सरकारी पानावर आपल्या गावाची नोंदीची नोटीस अधूनमधून बघत जा. गणपतीच्या आरत्यांइतकं नको, पण महिन्यातून एकदा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. मग ती नोंद तक्रारी नोंद होते आणि सुनावणी होते. नोंद मंजूर झालीच तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) साठ दिवसांत अपील. पण हे सगळं नोंदीचं भांडण आहे. हक्काचं भांडण दिवाणी न्यायालयातच, आणि तेही जमीन ज्या तालुक्यात आहे तिथल्या. "मी मुंबईत राहतो, दावा मुंबईत लावा" हे होत नाही. तुमच्यावर बंधनकारक नसलेलं खरेदीखत रद्द करून मागायला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत, ती गावकीच्या बैठकांत घालवू नका. समझोता होत असेल तर उत्तम, फक्त कॅलेंडर भिंतीवर ठेवून करा.

सगळ्यांचं जमत असेल तर कोर्टाची गरजच नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे होतो. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मोजणीआधी बांधावर उभं राहून 'त्या फणसापर्यंत तुझं' असं वाटप केलं की फणस पडल्यावर काय, हा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर कोर्टात आलेला आहे.

बारा वर्षांची दंतकथा

"बारा वर्षं राहिला म्हणजे त्याचं झालं." लायसन्सवर ठेवलेला, गावचं घर सांभाळायला ठेवलेला, मामाने कनवाळूपणे दिलेल्या खोलीत राहणारा भाचा, यांचं काही होत नाही, कारण ते परवानगीने राहिले. मालकाच्या विरोधात, उघडपणे, सलग, स्वतःचं म्हणून बारा वर्षं ताबा असेल तरच प्रतिकूल ताब्याचा प्रश्न येतो. सरकारी जमिनीला तीस वर्षं. सहहिस्सेदारांत तर एकाचा ताबा हा सगळ्यांचा धरला जातो. उलट तुम्हाला कोणी कायद्याबाहेर हाकललं असेल, तर मालकीचा वाद न काढता ताबा परत मागायचा सोपा दावा सहा महिन्यांत लावता येतो. ती मुदत गेली की लांबचा रस्ता.

खोली भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी नको, ही दुसरी दंतकथा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृत लागतं, जबाबदारी जागामालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि न निघणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते.

घ्यायला निघालात तर

कर्जत, नेरळ, मुरबाडच्या 'फार्महाऊस प्लॉट, हप्त्याने' अशा पत्रकांवर मी बरंच बोलू शकतो. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा तुमचा शेतकरी दाखला आहे का? गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. मग विकणारा म्हणतो, एकाच सातबाऱ्यावर चाळीसजणांची नावं लावू. लावा, आणि चाळीसजणांशी आयुष्यभर भांडा. मागायचे कागद : अकृषिक आदेश, मंजूर लेआऊट, झोन दाखला, आणि रस्ता कोणाच्या मालकीचा त्याचा उतारा. मुंबईत प्लॉटसाठी मालमत्ता पत्रक आणि पालिकेचे २०३४ च्या विकास आराखड्याचे डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेबद्दल काय आहे त्याचा लेखी शेरा. आरक्षण पडलंय का, रस्ता रुंदीत जातंय का, ते तिथे कळतं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर 'विकत' घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलंय. सब-रजिस्ट्रारकडच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च (शोध) करून घ्या. त्याचा खर्च टोकनच्या रकमेपुढे काहीच नसतो.

मुंबईपुरती एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. इथे मिळकतीवर दावा चालू असताना ती विकली गेली तर घेणाऱ्यावर निकाल बांधील ठरावा यासाठी 'लिस पेंडन्स'ची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते. दावा लावून घरी बसलात आणि ती नोंदवली नाहीत तर मधल्या काळात फ्लॅट विकला जाऊ शकतो. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात वकिलांना विचारा, नोटीस नोंदवली का. आणि समोरचा दावा लावेल अशी कुणकुण असेल तर आधी कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका, असा कोर्टात अर्ज) टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम होणार नाही. ती नव्वद दिवस टिकते, नंतर नवी टाकावी लागते.

वकिलांकडे येताना

मृत्यूचे सगळे दाखले, अगदी आजोबांचाही. वंशावळ एका कागदावर हाताने काढलेली, त्यात मुलीही, लग्नानंतरच्या नावासकट, आणि कोण कधी वारलं ती तारीख. करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट किंवा भाडेपावत्या किंवा सातबारा-फेरफार. आलेल्या नोटिसा त्यांच्या पाकिटांसकट, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते. मूळ कागद दाखवा पण झेरॉक्सच ठेवून जा, आमच्याकडेसुद्धा.

फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे बाकावरच्या कितीतरी ताईंना माहीतच नसतं. १५१०० वर फोन करा, किंवा कुठल्याही कोर्टात विधी सेवेची खोली विचारा. अर्ज मराठीत लिहून दिला तरी चालतो.